मदत हवी आहे: ७ लाखांत सात माणसांची डिझेल गाडी, सासऱ्यांना नीट बसता-उतरता येईल अशी (गोवा)

मास्तरीण_साखळी:

नमस्कार मंडळी. साखळीच्या जवळ आमचं घर. मी प्राथमिक शाळेत शिकवते, नवरा वेर्णाला कारखान्यात पाळीवर जातो, त्याला कंपनीची बस आहे. म्हणजे घरची गाडी चालवणार ती मीच. घरात माणसं सात: आम्ही दोघं, मुलं दोन (१२ आणि ८), सासू-सासरे आणि नणंद.

गेल्या चवथीच्या आधी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. आता देवाच्या कृपेने काठी घेऊन चालतात, पण डावा पाय ओढतात आणि डाव्या हातात जोर नाही. आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी बांबोळीला न्यावं लागतं, एका बाजूला ३०-३५ किलोमीटर. आमची जुनी छोटी गाडी इतकी खाली आहे की बाबांना त्यात अक्षरशः सोडावं लागतं. पाठमोरे उभे राहतात, मी काखेत हात घालते, आणि शेवटचं वीतभर अंतर ते धपकन खाली जातात. उतरताना तर दोघी लागतो. एकदा त्यांचं डोकं दाराच्या वरच्या कडेला आपटलं. काही बोलले नाहीत, पण पुढच्या खेपेला "आज नको जाऊया" म्हणाले. तेव्हाच ठरवलं की गाडी बदलायची.

बजेट ७ लाख, फार ओढून साडेसात. म्हणजे सेकंडहँडच. डिझेल हवी, कारण सात माणसं आणि सामान घालून चोर्ला घाटाने बेळगावला वर्षातून पाच-सहा वेळा जावं लागतं, नणंदेचं काम तिकडे असतं. रोजचं शाळेचं जाणं-येणं मिळून १२ किलोमीटर. महिन्याला हजारभर किलोमीटर होतात.

अडचणी आणखी दोन. आमच्या वाड्यात शिरणारी वाट अरुंद आहे, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. पूर्ण दार उघडायला जागा फक्त आमच्या अंगणातच. आणि माझं माहेर चोडणला. बांबोळीहून परतताना कधी कधी रायबंदरहून फेरीबोट घेऊन आईकडे डोकावते. ओहोटीच्या वेळी फेरीच्या फळीवर चढताना मागचा भाग घासतो, हे शेजाऱ्याच्या लांब गाडीचं पाहिलंय.

आतापर्यंत मनात आहेत त्या: मारुतीची जुनी एर्टिगा डिझेल, रेनोची लॉजी, होंडाची मोबिलिओ, महिंद्राची मराझो. कुणी या गाड्या वापरल्या असतील, विशेषतः घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असताना, तर कृपा करून सांगा. आणि एवढ्या धावण्याला डिझेल घेणं बरोबर आहे का, हेही.

घाटवाट:

ताई, आधी बाबांना लवकर बरं वाटू दे. माझ्याकडे २०१६ची एर्टिगा डिझेल आहे, पर्वरीहून बेळगाव-कोल्हापूर कायम चालू असतं. त्यात १.३ लिटरचं फियाटच्या घराण्यातलं इंजिन आहे, ९० पीएस ताकदीचं. सपाटीला अ‍ॅव्हरेज छान देते. घाटात मात्र एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: इंजिनचे फेरे मिनिटाला दोन हजारांच्या (आरपीएम) खाली गेले की तिच्यात दम नसतो. सात माणसं भरून केरीच्या वर चोर्ल्याची वळणं लागली की दुसऱ्या गिअरवर आणावीच लागते, तिसऱ्यावर ओढत राहिलात तर गुदमरते. सवय झाली की त्रास नाही. मधली सीट पुढे-मागे सरकते, हे तुमच्या उपयोगाचं. मागची रांग मुलांना ठीक, मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात.

मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, म्हणून मिळेल ती त्याआधीचीच. पार्टची मात्र काळजी नको, साखळी-डिचोलीत कुठेही दुरुस्त होते.

जुनाडिझेलवाला:

डिझेल की पेट्रोल, यावर थोडं सविस्तर लिहितो. हजार किलोमीटरला अशी डिझेल गाडी ५५-६० लिटर पिते, तेवढीच मोठी पेट्रोल ७०-७५. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव मोकळे झाल्यापासून दोन इंधनांतला फरक पूर्वीइतका राहिलेला नाही. त्यामुळे निव्वळ पैसे वाचवायला म्हणून हजार किलोमीटरसाठी डिझेल घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही. पण सात माणसं, एसी चालू आणि समोर चोर्ला, अशा वेळी डिझेलची ओढ कामाला येते. तुमचा हट्ट चुकीचा नाही.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाची) डिझेल घेतलीत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी असते. ती काजळी अडवते, आणि ती काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. रोज शाळेपर्यंत सहा आणि परत सहा, एवढंच असतं तर मी नको म्हटलं असतं, ती गाळणी चोंदते आणि खर्च मोठा येतो. पण आठवड्यातून दोनदा बांबोळी होतेच आहे, तेवढं तिला पुरावं. वाटेत डीपीएफचा दिवा लागला तर घर आलं म्हणून लगेच इंजिन बंद करू नका, आणखी पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा. त्याआधीच्या बीएस-४ गाडीत सहसा ही भानगड नसते.

तुम्ही घेतलेल्या नावांबद्दल. लॉजी २०१५ ला आली, २०२० ला गेली. १.५ लिटरचं इंजिन, ८५ आणि ११० पीएस अशा दोन ताकदींत. तेच इंजिन डस्टरला असल्याने मेकॅनिकला ओळखीचं आहे. मागच्या रांगेत मोठी माणसंही नीट बसतात. पण तिला टायमिंग बेल्ट (इंजिनचे आतले भाग जुळवून फिरवणारा पट्टा, तो ठरावीक काळाने बदलावा लागतो) आहे, चेन नाही. बेल्ट कधी बदलला याचं बिल मालकाकडे नसेल तर तो बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. मोबिलिओ २०१७ लाच बंद झाली, इंजिन १०० पीएसचं, हलकी गाडी, चालवायला सोपी, फक्त आत आवाज जास्त येतो. मराझो २०१८ची, नाशिकची. १२१ पीएस, घाटात या सगळ्यांत तीच आरामात चढते आणि खड्ड्यांत सर्वांत मऊ. पण लांबी साडेचार मीटरच्या वर आहे, तुमचे गडगे आधी टेपने मोजा. ग्लोबल एनकॅपच्या, म्हणजे गाडी आपटवून सुरक्षितता तपासतात त्या चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले होते. घरचे सगळे एकाच गाडीत बसणार असतील तर मी याला मोल देतो.

चेव्हरोलेट एन्जॉय कुणी अगदी स्वस्तात दाखवेल. तिचं डिझेल इंजिनही फियाटचंच, ते चालेल, पण २०१७ अखेर कंपनीने इथली विक्री थांबवली. दाराचा किंवा दिव्याचा भाग फुटला तर शोधत फिराल.

माडाचीसावली:

गडग्यांमुळे सरकत्या दाराची निसान इव्हालिया सुचवणार होतो. पण दाराचे रोलर आणि खालची पट्टी आपल्या खाऱ्या हवेत गंजते, आणि ते भाग आता सहज मिळत नाहीत. बाबांना घेऊन निघताना दार अडकलं तर काय करणार? म्हणून नकोच.

फिजिओ_फोंडा:

मी याच कामात आहे, म्हणून गाडीचं सोडून बाबांचं बोलते. ताई, सीट फार खाली वाईट, तशीच फार उंचही वाईट. बाबांना सीटला पाठ लावून उभं करा. सीटची कड त्यांच्या गुडघ्याच्या वर, मांडीला लागली पाहिजे. तिथे नुसतं टेकलं की बसता येतं, पडावंही लागत नाही आणि चढावंही लागत नाही. म्हणून बोलेरो निओसारख्या उंच गाड्या बघूही नका.

त्यांची डावी बाजू कमजोर आहे, तर डाव्या दारानेच बसवा. बाहेर तोंड करून टेकले की उजवा, म्हणजे धडधाकट हात पुढच्या सीटच्या बाजूला येतो, तिथे त्यांना धरता येतं. मग उजवा पाय आधी आत, आणि डावा शेवटी, तो तुम्ही बाहेर उभ्या राहून उचलायचा. त्यासाठी दार जवळजवळ काटकोनात उघडायला हवं. मधल्या रांगेत खालची चौकट जाड असली की त्याच पायाची टाच तिला अडखळते, हे बघायला विसरू नका. सीटवर गुळगुळीत कव्हर असेल तर वळणं सोपं जातं. आणि डोकं आपटू नये म्हणून बसताना हनुवटी छातीकडे घ्यायला सांगा.

घसरतात का ते एका बाजूला? तसं असेल तर दोन वेगळ्या सीटपेक्षा मधली सलग सीट बरी, सासूबाई शेजारी चिकटून बसू शकतील.

मास्तरीण_साखळी:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, वाचताना डोळे भरून आले. हो, बाबा डावीकडे कलतात, आई त्यांना खांद्याने आधार देतात. म्हणजे सलग सीट. हे मला सुचलंच नव्हतं.

परवा संध्याकाळी अंगणात बाबांना उभं करून मांडीचं माप घेतलं. "माझं कापड शिवतेस की काय" म्हणाले आणि कितीतरी दिवसांनी हसले.

काल म्हापशाच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या एका दुकानात सात सीटर डिझेल पाहिली. एमएच पासिंग, मीटरवर ५८ हजार. दिसायला चकचकीत. पण क्लचच्या पेडलचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. मग मागचा सीटबेल्ट पूर्ण ओढून बाहेर काढला, तर शेवटच्या हातभर पट्ट्यावर सुकलेल्या मातीची रेघ, नखाने खरवडली तर निघत होती. दुकानदार म्हणाला पावसाळ्यात काच उघडी राहिली असेल. मी परत आले. पण अशा वेळी आणखी काय बघायचं?

जुनाडिझेलवाला:

बरं केलंत. काच उघडी राहून बेल्टच्या आतल्या गुंडाळीत चिखल जात नाही, ती गाडी पुरात बुडालेली होती. कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ आणि २०२१ ला पाणी भरलं, आपल्याकडेही २०२१ च्या जुलैत डिचोली-सत्तरीत भरलं. त्या गाड्या धुऊन-पुसून फिरतात. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाला, पुढच्या सीटचे रूळ खालून बघा, फ्यूजच्या डब्यात माती आहे का पाहा. गाडी लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. तुमच्या भागात खाणी चालू होत्या तेव्हापासूनचे ट्रक दुरुस्त करणारे जुने मेकॅनिक आहेत, डिझेलचा आवाज ऐकून त्यांना कळतं. त्यांच्यातलाच एक सोबत न्या.

शक्यतो गोवा पासिंगचीच घ्या. एमएचची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी आणि इथला रस्ता कर. आधीच्या राज्यातून उरलेला कर मागता येतो, पण खेपा घालाव्या लागतात. दिल्लीहून आलेली डिझेल असेल तर स्वस्त दिसेल, तिथे १० वर्षांवरच्या डिझेलला बंधनं आली म्हणून ती बाहेर विकली जाते. वय आणि कागद तपासा. गोव्यात आणखी एक, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या भाड्याच्या गाड्या नंतर खासगी करून विकल्या जातात. आरसीवर आधीची नोंद बघा.

घाटवाट:

आणि फेरीचं राहिलंच. एर्टिगा फळीवर तिरकी घेतली की घासत नाही, पण मागे मुलं आणि सामान असताना भरतीची वेळ बघूनच जा.

मास्तरीण_साखळी:

फोंड्याला एका शिक्षक जोडप्याची एर्टिगा आहे, गोवा पासिंग, पहिलाच मालक, सर्व्हिसची सगळी बिलं जपून ठेवलेली, मधली सीट सलग. रविवारी सकाळी मेकॅनिकला घेऊन जाणार आहे. बाबांनाही नेणार. त्यांनी सांगितलंय की आधी ते बसून बघतील, मग इंजिन सुरू करायचं.

मोजलेलं माप कागदावर लिहून घेतलंय. डाव्या दाराची खालची चौकट किती जाड असली तर चालते, हे कुणी सांगू शकेल का? रविवारच्या आत कळलं तर बरं होईल.