सलाईनवर पोट भरतंय, मग पेज कशाला?

मिरजकर: आईचं (वय ६३) लहान आतडं रक्तपुरवठा बंद पडल्याने कापावं लागलं. जेमतेम ९० सेंटिमीटर उरलंय, मोठं आतडं शाबूत आहे. सगळं पोषण शिरेतून चालू आहे. तरी डॉक्टर म्हणतात, दिवसातून सहा वेळा दोन-दोन चमचे पेज द्या. दिली की अर्ध्या तासात संडास. आई वैतागते, "घालता तुम्ही, उठायचं मी." राउंडला विचारलं तर "आतड्याला काम हवं", एवढंच. कोणी नीट समजावेल का?

निवृत्त बाई: वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवायचे, म्हणून लिहिते. काम हवं हे खरं, पण कोणाला? आतड्याच्या अस्तरात शंभरात एखादीच पेशी संप्रेरकं बनवणारी असते. तिचं टोक आतड्याच्या पोकळीत उघडतं. समोरून काय चाललंय ते ती जणू चाखते आणि मागच्या दाराने रक्तात निरोप धाडते. शिरेतून दिलेलं तिच्या तोंडासमोरून जातच नाही.

यांतल्याच एल-पेशी नावाच्या पेशी लहान आतड्याच्या शेवटाकडे आणि मोठ्या आतड्यात जास्त असतात. अन्न पोचलं की त्या जीएलपी-२ हे संप्रेरक सोडतात. (वजन उतरवायच्या इंजेक्शनांमुळे गाजलेलं जीएलपी-१ याच पेशींतलं. धाकट्याला कोणी विचारत नाही!) जीएलपी-२ने रसांकुर (अस्तरावरचे अन्नरस शोषणारे बारीक अंकुर) वाढतात, आतड्याला रक्त जास्त मिळतं. अस्तर तसंही ३ ते ५ दिवसांत नवं होत असतं, निरोप थांबला की रसांकुर खुरटतात. १९९६ मध्ये टोरांटोच्या डॅनियल ड्रकर यांच्या गटाने उंदरांत जीएलपी-२ने अस्तर वाढतं हे दाखवलं. जीएलपी-२ रक्तात काही मिनिटांतच मोडतं, म्हणून त्यात एक अमिनो आम्ल बदलून टेड्युग्लुटाइड हे औषध बनवलं. त्याला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. तुमच्या आईंचं मोठं आतडं राहिलंय, म्हणजे एल-पेशींचा मोठा साठा राहिलाय. पेज त्यांच्यासाठी.

वाईची सून: सासऱ्यांचं असंच झालेलं. साधं पाणी नि सरबत घटाघट पाजलं की जुलाब वाढायचे. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं ओआरएस घोट-घोट दिल्यावर जरा थांबले. किती, कधी ते विचारूनच द्या.

मिरजकर: बाई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. "म्हणजे शंभरातल्या एकीसाठी माझी ही वरात?" म्हणाली. रात्रीची वाटी मात्र तिने परत पाठवली. मीठ कमी होतं म्हणे.