व्हिएतनामला निघण्याआधी चार शब्द तोंडात बसवा (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

कुलकर्णी काकू, बी-३०२: नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या व्हिएतनाम ट्रिपचं आता पक्कं झालंय. मेधा, तू हनोईत राहून आलीयेस ना गं? मी पक्की शाकाहारी. तिथे गेल्यावर हॉटेलात काय सांगायचं ते एका ओळीत लिहून दे बाई.

मेधा, ए-४०४: काकू, एका शब्दात काम होतं. ‘चय’. ‘तोय अन चय’ म्हणजे मी शाकाहारी जेवते. पण हा चय तोकडा म्हणायचा. लांबवून ‘चाय’ म्हटलं की त्याचा अर्थ होतो बाटली. ‘चाय नुअक’ म्हणजे पाण्याची बाटली. दोन्ही रोज लागणार, त्यामुळे फरक आत्ताच घोटून ठेवा.

मेधा, ए-४०४: पाटीवर सी-एच-ए-वाय ही अक्षरं दिसली की बिनधास्त आत शिरा. तिथले बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे साधारण आपली अमावास्या-पौर्णिमा, चय जेवतात. त्यामुळे हा शब्द कळला नाही असं सहसा होत नाही. आणखी एक पाठ करा: ‘खोम नुअक मम’. नुअक मम म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला रस. ताटात नुसती पालेभाजी दिसली तरी तो पडलेला असू शकतो. ‘खोम’ म्हणजे नाही, नको. म्हणताना शेवटी ओठ मिटायचे.

शहा भाभी, सी-१०१: आणि कांदा-लसूण?

मेधा, ए-४०४: भाभी, देवळांशी जोडलेल्या कडक चय खाणावळींत तो टाळतात, पण सगळीकडे नाही. ‘खोम हाञ, खोम तॉय’ असं सांगा. कांदा नको, लसूण नको. तॉय उघड्या तोंडाने म्हणा. मिटल्या तोंडाचा तोय म्हणजे ‘मी’.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई आहे. पाणी भरून ठेवावे.

सचिन, ए-२०३: मेधाताई, फोनवर ट्रान्सलेटर आहे की. एवढं पाठ कशाला करायचं?

मेधा, ए-४०४: मेन्यूकार्डाचा फोटो काढून वाचायला फोन उत्तमच आहे सचिन, जरूर वापर. पण समोरच्याला हाक काय मारायची हे फोनला कळत नाही, आणि त्या भाषेचं सगळं मर्म तिथेच आहे. त्यांच्याकडे सरसकट चालेल असा ‘तुम्ही’ नाही. फोन ‘बान’ म्हणजे मित्र लावून मोकळा होतो, ते कोरडं वाटतं. ते लोक वय बघून नातं लावतात. आपण भाजीवालीला मावशी आणि रिक्षावाल्याला दादा म्हणतो, अगदी तसंच. आपल्याहून थोडा मोठा पुरुष ‘अञ’, बाई ‘चि’. आईच्या वयाची ‘को’, काकाच्या वयाचा ‘चू’. आजीला ‘बा’, आजोबांना ‘ओम’. धाकटं कुणीही असो, मुलगा किंवा मुलगी, ‘एम’. हाक मारायची तर पुढे ‘अइ’ लावायचं. हॉटेलातल्या पोराला ‘एम अइ’, फळं विकणाऱ्या मावशींना ‘को अइ’.

‘सिन चाव’ हा नमस्कार सगळ्या पुस्तकांत असतो, चुकीचा नाही, पण जरा परका. ‘चाव को’ म्हणून बघा. ‘काम अन’ म्हणजे आभार, त्यालाही नातं जोडा: ‘काम अन को’. चेहरा खुलतो हो समोरच्याचा. माझं कळकळीचं सांगणं आहे, बाकी काही नाही जमलं तरी हे नक्की शिकून जा.

रोहन, सी-६०२: लिपी रोमन आहे ना? मग पाट्या वाचता येतील.

मेधा, ए-४०४: अक्षरं रोमन, उच्चार त्यांचे. गोव्यात रोमी कोकणी आहे तसंच, मिशनऱ्यांनी बसवलेली लिपी. १६५१ मध्ये रोमला तिचा पहिला मोठा शब्दकोश छापला गेला. एक्सचा उच्चार स होतो. डीच्या दांडीवर आडवी रेघ असली तर द. नसली तर हनोईत झ आणि सायगावात (दक्षिणेतलं हो ची मिन्ह सिटी) य. आपली एक सोय आहे, त आणि थ त्यांच्याकडेही वेगळे आहेत. इंग्रजांना तिथे अडखळायला होतं, आपल्याला नाही.

खरी मेहनत सुरांची. हनोईत सहा सूर, दक्षिणेत पाच. ‘बा’ सपाट म्हटलं तर तीन, आवाज खाली उतरवून म्हटलं तर आजी. हे लिहून कळणार नाही. संध्याकाळी व्हॉइस नोट टाकते, ऐकून तसंच म्हणा. कान तयार झाला की जीभ मागून येते.

कुलकर्णी काका, बी-३०२: दानांग शहराहून आम्ही ‘मी सन’ या जागेची देवळं बघणार आहोत. चंपा या तिथल्या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली शंकराची देवळं, संस्कृत शिलालेख आहेत. २०२० मध्ये आपल्या पुरातत्त्व खात्याच्या लोकांना काम करताना तिथे अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. सर्वांनी यावं ही विनंती.

सचिन, ए-२०३: येणार काका! ताई, बाजारात भाव कसा विचारायचा?

मेधा, ए-४०४: ‘बाव न्येउ त्येन?’ म्हणजे किती पैसे. महाग वाटलं तर हनोईत ‘दत क्वा’, सायगावात ‘मक क्वा’, हसून म्हणायचं. एक ते दहा आकडे: मोत, हाय, बा, बोन, नम, साउ, बय, ताम, चीन, मुअइ. विक्रेते हजार गाळतात, ‘नम मुअइ’ म्हणजे ५०, पण मागायचे असतात ५० हजार डोंग. आणि २० हजाराची नि ५ लाखाची नोट, दोन्ही निळ्या. देताना शून्यं मोजा.

शहा भाभी, सी-१०१: हे सगळं एका वेगळ्या ग्रुपवर टाका ना, इथे मेसेज वर जातात.

मेधा, ए-४०४: केला भाभी, सगळ्यांना जोडते. आज फक्त हाका आणि चय. आकडे उद्या.

रोहन, सी-६०२: टॉयलेट कुठे आहे, हे राहिलं.

मेधा, ए-४०४: ‘ञा वे सिञ अ दउ?’ मुलांकडून पण पाठ करून घ्या.