वणवा आला की आधी काय साफ करायचं: जंगल की घर?

रानवाट: दर वणव्यानंतर एकच ओरड, जंगल वेळेवर साफ केलं नाही. मला हे निम्मंच पटतं. २०१८ साली कॅलिफोर्नियातलं पॅराडाइज हे गाव वणव्यात जळालं, ८५ माणसं गेली. नंतरचे फोटो बघा: घराची राख आणि शेजारी पाइन हिरवागार. ज्वाळांची भिंत चालून आली असती तर आधी झाड गेलं असतं. घरं पेटतात ती वाऱ्याने पुढे उडवलेल्या निखाऱ्यांनी. पन्हळीत साचलेला पालापाचोळा, वळचणीच्या झरोक्याला मोठ्या भोकांची जाळी, भिंतीला टेकलेलं लाकडी कुंपण, दारातलं पायपुसणंसुद्धा पुरतं. आधी घराभोवतीचे पाच फूट मोकळे करा, मग जंगलाकडे बोट दाखवा.

सुतारपक्षी: साफ असहमत. निखारे येतात कुठून? अमेरिकेच्या वनखात्याचा १९३५ पासून दंडकच होता, आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायची. लहान आगी अडवत गेले, जळण साठत गेलं. ऑस्ट्रेलियातले आदिवासी पिढ्यानपिढ्या छोटे, थंड (मंद आचेचे) जाळ लावत आले ते काय हौस म्हणून?

रानवाट: लावा की जाळ. पण २०२२ मध्ये न्यू मेक्सिकोत वनखात्यानेच लावलेला जाळ हाताबाहेर गेला, तीन लाखांवर एकर खाक. आणि पॅराडाइजच्या वाटेवरचा बराच टापू २००८ मध्ये जळालेलाच होता. दहा वर्षांचं गवत-झुडूप पुरलं त्या वाऱ्याला.

सुतारपक्षी: एक जाळ सुटला म्हणून चूलच बंद? जळण कमी असलं की बंबवाल्यांना उभं राहायला जागा तरी मिळते.

चौथी खिडकी: शेजाऱ्याचं नाव दोघंही काढत नाही. माझे पाच फूट मोकळे, जाळी बारीक, पण दहा फुटांवरच्या घराला लाकडी छप्पर. ते पेटलं की माझ्या काचा तडकल्याच. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला घरानेच घर पेटवलं. सक्तीशिवाय हे होणार नाही.

रानवाट: मान्य, इथे मी उघडा पडलो. पण सक्तीचं काय होतं तेही बघा. कॅलिफोर्नियात पाच फुटांचा कायदा २०२० ला झाला, नियमावलीची २०२३ ची मुदत उलटून गेली. भिंतीलगतची झुडपं काढायची म्हटली की माणसं हळवी होतात.

सुतारपक्षी: आणि छप्पर बदलायचे पैसे त्या शेजाऱ्याला कोण देणार? जंगलाच्या बजेटातून काढू नका म्हणजे झालं.