ताटापुढचे महिने : खाण्याच्या आजारातून सावरणारी मुलं आणि आपण

छत्रपती संभाजीनगर, आई

माझ्या मुलीला ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं सोडण्याचा मानसिक आजार, असल्याचं निदान झालं तेव्हा मराठीत जे सापडलं ते सगळं वाचून काढलं. सगळीकडे लक्षणांची यादी आणि शेवटी ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’. सल्ला घेऊन घरी आलो. आता रात्री नऊ वाजता पोर ताट सरकवून रडायला लागली की काय करायचं, हे कुठेच नाही. म्हणून हे घरात सोसलेल्या तुम्हा आईबापांना लिहायला बोलावलंय. वजनाचे आणि कॅलरीचे आकडे मात्र कुणी लिहू नका. आजारी मुलं ते वाचतात आणि त्यांच्याशी शर्यत लावतात. नावं, शाळा, क्लासही नकोत. आणि मोबाइलला शिव्या घालायला दुसरीकडे भरपूर जागा आहे.

लातूर, आई

आमचं गाव उदगीरकडचं. लेकीला नीटची तयारी करायची म्हणून मी तिच्यासोबत लातुरात खोली करून राहिले. इथे अशा आया गल्लोगल्ली आहेत. तिचं खाणं सुटलं ते उपवासांच्या आडून. आधी चतुर्थी, मग गुरुवार, मग एकादशी, नवरात्रात तर नऊच्या नऊ दिवस. सासूबाईंना कौतुक, ‘पोर देवाधर्माची निघाली!’ पाळी थांबली, केस मूठमूठ गळायला लागले, मे महिन्याच्या उकाड्यात हात गारठलेले. थायरॉइडची तपासणी झाली, टीबीची झाली. शेवटी एका डॉक्टरांनी नाडी मोजली आणि सरळ भरती करून घेतलं.

मला वाटायचं, आता दूध-तूप, शिरा दणकून घालावा. तर बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, असं तिथे सांगितलं. रक्त तपासत तपासत, बेताबेताने वाढवत नेलं.

खरी लढाई घरी आल्यावर. काय, किती, केव्हा खायचं हे आम्ही ठरवायचं, तिने नाही. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात ही पद्धत बसवली गेली, असं समुपदेशक बाईंनी सांगितलं. आधी जेवणाचा ताबा आईबापाकडे, मग हळूहळू मुलीकडे, आणि शेवटी तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न. ऐकायला सोपं. एका धपाट्याला दीड तास लागायचा. ती त्यावरचे तीळ नखाने खरवडून काढायची, तेल कागदाने टिपायची, ‘तू आई नाहीस, वैरी आहेस’ म्हणायची. बाईंनी दिलेलं एकच वाक्य मी घोकून ठेवलं होतं : “अवघड जायलंय हे कळतंय मला. पुढचा घास घे.” वाद नाही, लालूच नाही, शपथा नाहीत. नीटचं ते वर्ष सोडलं. गावभर चर्चा झाली, होऊ दे.

वजन आधी भरलं, डोकं बरंच मागे राहिलं. ‘झाली की बरी, आता कशाला दवाखाना?’ असं लोक म्हणत होते तेव्हाच ती सगळ्यात जास्त दुःखी होती. कुणी प्रेमाने ‘तब्येत सुधारली हं’ म्हटलं की त्या रात्रीचं जेवण गेलंच समजायचं. फरक मला कळला वेळ अमावस्येला. शेतात कोपीपाशी पंगत बसली होती, भज्जी वाढणं चाललं होतं, मी तिच्या ताटाकडे न बघितल्यासारखं करत होते. आणि ती काकूला म्हणाली, “आंबिलीत मीठ कमी पडलंय की.” जेवणात खोट काढली पोरीने! आजारात ती फक्त ‘नको’ म्हणायची, चवीबद्दल अवाक्षर नाही.

परभणी, वडील

मुलांनाही हे होतं, एवढं सांगायला आलो. आमचा पोरगा सैन्यभरतीची तयारी करायचा. पहाटे धावणं, संध्याकाळी धावणं, भात बंद, भाकरी बंद. पाव्हणे म्हणायचे, ‘बॉडी काय बनवलीय!’ एक दिवस मैदानावरच चक्कर येऊन पडला. पहिल्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्रयोग सांगितला. १९४४-४५ मध्ये तिथे ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या राजीखुशीने, काही महिने अर्धपोटी ठेवलं होतं. ते चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले, स्वयंपाकाची पुस्तकं चाळत बसायला लागले. आमचं लेकरू रात्री मटणाच्या रश्श्याचे व्हिडिओ बघत बसायचं आणि सकाळी चहालाही नको म्हणायचं! माझा त्याच्यावरचा राग तिथेच उतरला. भूक बोलत होती, तो नाही.

खाण्यापेक्षा धावणं थांबवणं जड गेलं. बूट कुलपात ठेवले तर अनवाणी गच्चीवर फेऱ्या. शेवटी गच्चीच्या दारातच मी खाट टाकली. आता भावंडांत बसून येसर-भाकरी खातो. भरतीचं नाव तो काढत नाही, आम्हीही काढत नाही.

नांदेड, आई

आमच्याकडे बुलिमिया, म्हणजे एकदम भरमसाट खायचं आणि मग मुद्दाम उलटी काढायची. वजन चारचौघींसारखं, त्यामुळे घरात कुणाला पटेना. शंका आली ती दातांच्या डॉक्टरांना, पुढच्या दातांचं आतल्या बाजूचं आवरण झिजलेलं बघून. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, बाहेरून काही दिसत नाही. रक्ततपासणी चुकवू नका. जेवणानंतर तासभर आम्ही दोघी पत्ते खेळतो. परीक्षा आली की आजार डोकं वर काढतोच. पण मागच्या वेळी ती आपणहून येऊन म्हणाली, “आई, काल परत झालं.” पूर्वी नळ सोडून ठेवायची, आवाज येऊ नये म्हणून.

धाराशिव, वडील

पैशाचं कुणी लिहिलं नाही. ‘मानसिक आजार’ म्हणून आमचा विम्याचा दावा फेटाळला होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार विम्यात शारीरिक आणि मानसिक आजारात भेद करता येत नाही. कलम २१ चा उल्लेख करून पुन्हा अर्ज केला, मग काही रक्कम मिळाली. मानसिक त्रासासाठी सरकारची ‘टेली मानस’ फोनसेवा आहे, नंबर १४४१६, फुकट, मराठीत बोलतात. आम्ही समुपदेशन व्हिडिओवर घेतो. घरात रेंज नाही, मुलगी बांधावर जाऊन बोलते. तिला तेच बरं वाटतं, आजीच्या कानावर जात नाही.

छत्रपती संभाजीनगर, आई

लातूरच्या ताई, उपवासांचं सासूबाईंना कसं समजावलंत?

लातूर, आई

मी कुठली समजावतेय! डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घेतलं, ‘उपवास वर्ज्य’. आता सासूबाईच पाहुण्यांना सांगतात, “मना आहे माय डॉक्टरची, वाढा तिला.”

परभणी, वडील

धाकट्यांचं काय केलं कुणी? घर सगळं थोरल्याभोवती फिरलं. परवा धाकटीने अर्धी भाकरी ठेवली तर माझ्या पोटात गोळा आला.

छत्रपती संभाजीनगर, आई

भावंडांना धोका जास्त असतो, असं आम्हालाही सांगितलं होतं. एकदा डॉक्टरांच्या कानावर घाला. पण तिच्याशी जेवण सोडून बाकी सगळं बोला. आमचा धाकटा एकदा म्हणाला, “माझ्या क्रिकेटचं विचार ना कधी.” दर रविवारी त्याला मॅचला नेणं हे काम आता बाबांकडे आहे.