पोस्ट ब्लॉक केली, कारण सांगत नाहीत. परत टाकू का?

पारावरचा_पेपरवाला: मंडळी, सोशल मीडियावर आमचं तालुक्यापुरतं पेज आहे. कांदा निर्यातबंदीवर एक व्यंगचित्र टाकलं होतं, परवा कंपनीचा मेल आला की 'कायदेशीर मागणीमुळे भारतात दिसणार नाही'. बस, एवढंच. मागणी कुणाची, कुठलं कलम, काही पत्ता नाही. जो आदेश मला दाखवलाच नाही तो मी का पाळायचा? दुसऱ्या अकाउंटवरून व्हीपीएन लावून टाकू का?

रांगडा_गडी: टाक बिनधास्त. अन्यायाचा कायदा मोडायलाच हवा, गांधींनी काय केलं मग?

कोर्टाची_पायरी: थांब जरा. आयटी कायद्याच्या कलम ६९ अ खाली, म्हणजे सरकारला मजकूर ब्लॉक करायला लावता येतो त्या कलमाखाली, असेल तर आदेश तुला नाही, कंपनीला असतो, आणि तिने नाही पाळला तर सात वर्षांपर्यंत कैद आहे म्हणून ती तुझ्यासाठी भांडत बसणार नाही. हे कलम देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था असल्या ठरावीक कारणांसाठीच आहे, त्यात कांदा कुठे बसतो देव जाणे. सुप्रीम कोर्टाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात त्याच कायद्यातलं ६६ अ, म्हणजे ऑनलाइन 'त्रासदायक' मजकुराला शिक्षा देणारं कलम, रद्द झालं पण ६९ अ टिकलं, का तर आदेशात कारणं लेखी लागतात आणि हायकोर्टात रिट याचिका करता येते. आता गंमत बघ, ब्लॉकिंगच्या २००९ च्या नियमांतला १६ वा नियम सगळं गोपनीय ठेवा म्हणतो, मग रिट करणाऱ्याने आव्हान द्यायचं कशाला, हवेला?

शिरोडकर_७४: रांगडे, गांधींना मध्ये आणू नकोस. आमच्या शिरोड्याला १९३० मध्ये लोकांनी मिठाचा कायदा मोडला तो उघड्यावर, पोलिसांसमोर, तुरुंगाची तयारी ठेवून. व्हीपीएनमागे लपून टाकणं म्हणजे सत्याग्रह नव्हे, ती पळवाट झाली. आणि बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बजावलंच होतं की घटनेचे मार्ग उघडे असताना सत्याग्रहसुद्धा अराजकाचं व्याकरण.

रांगडा_गडी: मार्ग उघडे असताना ना काका? इथं तर दाराला आतून कडी.

लोकल_पालघर: पाळायचं की मोडायचं हे नंतर, आधी कायदा काय म्हणतो ते तर कळू दे. २०१२ ला आमच्याकडच्या दोन मुलींना बंदवरच्या एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली, त्यातली एक तर नुसतं लाईक करून अडकली. 'त्रासदायक' म्हणजे नेमकं काय हे कलमात कुठं लिहिलंच नव्हतं, कोर्टाने ६६ अ त्याच मुद्द्यावर उडवलं. तरी पोलीस गुन्हे नोंदवतच राहिले, शेवटी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत सांगावं लागलं की बाबांनो, मेलंय ते कलम. आपण कायदा पाळायचा आणि ते?

पारावरचा_पेपरवाला: काकांचं पटलं, व्हीपीएन रद्द. कंपनीला आदेशाची प्रत मागितलीय, वकिलाची फी किती तेही बघतो. तोवर व्यंगचित्राची प्रिंट काढून खाली माझं नाव लिहून पारावर चिकटवलीय.

कोर्टाची_पायरी: नाव लिहिलंस ते बेस. फोटो मात्र पेजवर टाकू नकोस रे.