सीलबंद ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल: बदलायचं की हात लावायचा नाही?

वंगण (धागाकर्ता)

ज्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) नाही आणि ज्याच्या पुस्तिकेत ‘ऑइल बदलण्याची गरज नाही’ असं छापलंय, त्याचंही ऑइल बदललंच पाहिजे. तेही गिअरबॉक्स तक्रार करायला लागण्याआधी. माझं हे मत पक्कं आहे, पण विरोधातले मुद्देही ऐकायचे आहेत, म्हणून हा धागा.

असा गिअरबॉक्स बाहेरच्या हवेपासून तोडलेला नसतो. त्याला ब्रीदर, म्हणजे हवा जायचं बारीक तोंड असतं, कारण ऑइल तापलं की आतली हवा फुगते आणि तिला वाट दिली नाही तर सीलमधून गळती सुरू होईल. कंपनीने काढून टाकलीय ती फक्त डिपस्टिक. आतलं ऑइल पूर्वीसारखंच तापतं, घुसळलं जातं, ऑक्सिडाइझ होतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे ९० अंशांवर चालणारं ऑइल ११० वर चालायला लागलं तर ते चौपट वेगाने म्हातारं होतं. चढ, थांबत-थांबत चालणारी रहदारी, मागे ओढलेला ट्रेलर यांनी एवढा फरक सहज पडतो.

या ऑइलवर कामंही किती टाकलेली असतात बघा. बेअरिंग आणि गिअरचं वंगण, टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलाने जोडणारा भाग) ताकद पोचवणं, व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइलाच्या दाबाने गिअर बदलणारा भाग) दाब, उष्णता बाहेर नेणं. शिवाय क्लचप्लेट किती घट्ट आणि किती मऊपणे पकडतील, तेही त्यातले फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे घर्षण नेमकं ठेवणारी रसायनं ठरवतात. हल्ली टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) बऱ्याचदा पूर्ण न आवळता मुद्दाम किंचित सरकता ठेवतात. त्यामुळे लॉकअप लवकर लावता येतं, इंधन वाचतं आणि इंजिनाची कंपनं आत पोचत नाहीत. मॉडिफायर संपत आले की हाच क्लच थरथरायला लागतो: हलक्या अॅक्सिलरेटरवर, ठरावीक वेगाला, रस्त्यावरच्या रंबल पट्ट्यांवरून गेल्यासारखं. बरेच जण तेव्हा चाकांचं बॅलन्सिंग करून घेतात.

आणि गिअरबॉक्स बनवणारे स्वतः काय म्हणतात? झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचे ६एचपी आणि ८एचपी हे गिअरबॉक्स कितीतरी कारकंपन्या वापरतात आणि त्यातल्या काही त्यातलं ऑइल आयुष्यभराचं म्हणून सांगतात. झेडएफची शिफारस मात्र वापर बघून ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी बदलण्याची आहे.

थेट_गिअर

पूर्ण असहमत.

पुस्तिका लिहिणाऱ्यांनी तो गिअरबॉक्स त्या गाडीत, त्या इंजिनासोबत, ऑइल थंड करणाऱ्या त्या कूलरसह चाचणीच्या बाकावर आणि रस्त्यावर राबवलेला असतो. झेडएफला फक्त गिअरबॉक्स माहीत असतो, कारकंपनीला पूर्ण गाडी. आणि पॅन, फिल्टर, ऑइल असा बदलाचा संच झेडएफ स्वतःच विकते, हे विसरू नका. आपली शिफारस करताना त्यांचा काही फायदा नसतो असं कसं मानायचं?

डिपस्टिक काढण्यामागेही कारण होतं. लोक मळकं नरसाळं लावून हाताला येईल ते लाल ऑइल ओतायचे. गरम असताना मोजायचं की थंड, इंजिन चालू ठेवायचं की बंद, हे कुणी वाचायचं नाही. पातळी जास्त झाली की फेस होतो, फेसाने दाब कमी होतो, क्लच जळतात. मालकाचा हातच बाजूला ठेवला तर गिअरबॉक्स जास्त जगतो, हा सरळ हिशोब होता.

शिवाय आजची ऑइल पूर्वीसारखी नाहीत. जीएमचं डेक्सरॉन ६ हे गिअरबॉक्स ऑइल साधारण २००५ मध्ये आलं, ते आधीच्या डेक्सरॉन ३ पेक्षा ऑक्सिडेशनला आणि चिकटपणा टिकवायला कितीतरी सरस आहे. तुमचे अनुभव जुन्या खनिज ऑइलचे असतील तर ते इथे लावू नका. गिअरबॉक्स मरतात ते सोलेनॉइड (ऑइलाचा प्रवाह वळवणारे विजेवरचे व्हॉल्व्ह), सील, बुशिंग किंवा मुळातल्या डिझाइनच्या चुकीने. नवं ऑइल ओतून यातलं काय दुरुस्त होतं?

वंगण

मालकाने उगाच हात घालू नये, हे मान्य. पण ते पातळी कुणी आणि कशी तपासायची याबद्दल झालं. ऑइल म्हातारं होत नाही, असं त्यातून निघत नाही.

कंपनीला पूर्ण गाडी माहीत असते म्हणता, तर मर्सिडीझचा ७२२.६ बघा. १९९० च्या दशकात आला तो ‘एकदा भरलं की झालं’ म्हणून. डिपस्टिकच्या ट्यूबला कुलूपबंद टोपी, आत डिपस्टिक नाही, ती फक्त वर्कशॉपचं हत्यार. त्याच मर्सिडीझने पुढे ऑइल बदल वेळापत्रकात आणला. टोयोटाचंही तसंच. त्यांचं डब्ल्यूएस नावाचं गिअरबॉक्स ऑइल लागणाऱ्या अनेक मॉडेलना साध्या वापरात बदल सांगितलेला नाही, पण ट्रेलर ओढण्यासारख्या कडक वापरासाठी बदलाचा काळ दिलेला आहे. ऑइल खरोखर अमर असतं तर कडक वापराचा वेगळा रकाना कशाला लागला असता?

सील आणि सोलेनॉइडबद्दल: सोलेनॉइड अडकतो तो बहुतेकदा कशाने? ऑइलातल्या बारीक कणांनी. पॅनमधले चुंबक लोखंडाचा चुरा धरतात, पण क्लचप्लेटचं अस्तर लोखंडाचं नसतं. ते ऑइलातच फिरत राहतं, आणि जेवढं फिल्टरमधून निसटतं ते व्हॉल्व्ह बॉडीच्या काही मायक्रॉनच्या फटींत जाऊन बसतं.

सावकाश_चालक

माझ्या गाडीने १,६०,००० किमी पार केले. गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. गिअर व्यवस्थित पडतात, फक्त थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना थोडा हिसका जाणवतो. एक जण म्हणाला, इतक्या किलोमीटरनंतर बदललं तर गिअरबॉक्सच जाईल, जुनं ऑइलच त्याला सांभाळून आहे. हे खरं का? मी गोंधळले आहे.

पाना१३

मी गिअरबॉक्सचंच काम करतो, म्हणून जरा लांब लिहितो. ताई, तुमचं उत्तर शेवटी आहे.

‘ऑइल बदललं आणि गिअरबॉक्स गेला’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्या खऱ्या असतात. पण खोदून विचारलं की बहुतेकांमध्ये एक गोष्ट निघते: ऑइल बदललं तेच मुळी घसरण सुरू झाली म्हणून. अस्तर आधीच संपलेलं होतं. नवं ऑइल ते परत आणू शकत नाही. मॉडिफायर ताजे असलेल्या ऑइलात अशा प्लेटची उरलीसुरली पकडही उघडी पडते आणि खापर ऑइलवर फुटतं.

पण उरलेल्या गाड्यांचं काय? त्या आमच्यासारख्यांनीच बिघडवलेल्या असतात, आणि इथे मी थेट_गिअर यांच्या बाजूने बोलतो. चुका ठरलेल्या आहेत.

एक, चुकीचं ऑइल. लाल रंग हा नुसता रंग आहे, त्यावरून काहीच ओळखता येत नाही. ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेला डबा पातळ ऑइल मागणाऱ्या नव्या गिअरबॉक्समध्ये ओतला की गिअर बदलण्याची वेळच चुकते. सीव्हीटीत (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) तर साधं एटीएफ, म्हणजे नेहमीचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ऑइल, ओतलंच जाता कामा नये, तिथे पट्टा आणि पुली घर्षणावर ताकद पोचवतात.

दोन, पातळी. डिपस्टिक नसली की पातळी ओव्हरफ्लो प्लगवरून बघायची असते, आणि ती ठरलेल्या तापमानालाच. गाडी चारही बाजूंनी सपाट, इंजिन चालू, गिअरचा दांडा सगळ्या गिअरमधून फिरवून परत पार्कमध्ये, स्कॅनरवर ऑइलचं तापमान. कुठल्या मॉडेलला ३५ ते ४५ अंश, कुठल्याला ३० ते ५०. त्या टप्प्यात प्लग उघडायचा, धार बारीक होऊन थेंब पडायला लागले की बंद. हे तापमान का एवढं जपायचं? ऑइल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. ८ लिटर ऑइल आणि ६० अंशांचा फरक धरला तर जवळपास ३४० मिली होतात. गाडी नुकतीच रस्त्यावरून आली असताना ८० अंशांवर पातळी लावली, तर तेच ऑइल थंडपणी कमी पडतं आणि सकाळी पहिला गिअर उशिरा पकडतो. मग मालक म्हणतो, ऑइल बदललं आणि बिघडलं. त्याचं खोटं नसतं.

तीन, दाबाने फ्लश. मशीन लावून जोरात ऑइल ढकललं की इतकी वर्षं कोपऱ्यात शांत बसलेला गाळ सुटतो. मी ते करत नाही. पॅन खोलून फिल्टर आणि चुंबक साफ करणं, किंवा कूलरच्या नळीवरून गिअरबॉक्सच्याच पंपाच्या दाबावर जेवढं बाहेर येईल तेवढंच आत घालणं, एवढंच.

आणि ड्रेन प्लग (ऑइल काढायचा) उघडण्याआधी फिल प्लग (ऑइल भरायचा) सुटतोय का ते बघा. गंजलेला फिल प्लग आणि रिकामा गिअरबॉक्स अशा अवस्थेत गाडी रॅम्पवर अडकून पडते.

ताई, तुमच्यासाठी: गिअर पकडत असतील, घसरण नसेल, तर माझा सल्ला थोडं-थोडं बदलण्याचा. पॅनमधून एका वेळी साधारण ४० टक्के ऑइल निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. पहिल्यांदा ४० टक्के नवं, मध्ये गाडी चालवून दुसऱ्यांदा केलं की ६४, तिसऱ्यांदा साधारण ७८. गिअरबॉक्सला एकदम धक्का बसत नाही, आणि पहिल्या वेळी पॅनमध्ये काय सापडतं ते बघून पुढचं ठरवता येतं. चुंबकावर राखाडी मऊ लेप हा नेहमीचाच. धातूचे तुकडे किंवा अस्तराचे काळे पापुद्रे दिसले तर पुढच्या ऑइलवर पैसे घालू नका.

थेट_गिअर

पाना१३, तुम्ही लिहिलेली प्रत्येक चूक माझ्याच बाजूने जाते. एवढ्या नेमकेपणाने काम करणारे किती? स्कॅनर लावून तापमान बघणारा माणूस मिळत नसेल तर मालकासाठी कुठला धोका मोठा: कदाचित थोडं म्हातारं झालेलं ऑइल, की नक्की चुकणारी पातळी? माझ्या मते दुसरा.

आणि बदल करायचाच असेल तर अंदाजाने का? थोडं ऑइल काढून प्रयोगशाळेत तपासून घ्या. चिकटपणा, आम्लता, लोखंड आणि तांब्याचं प्रमाण कळतं. ऑइल शाबूत निघालं तर गप्प बसा.

वंगण

तपासणीला माझा विरोध नाही. पण डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्समधून नमुना काढायचा म्हणजे प्लग उघडायचा, आणि नंतर पातळी परत लावायचीच. म्हणजे तो धोका पत्करलाच ना? मग त्याच वेळी ऑइलही का बदलू नये?

योग्य माणूस मिळत नसेल तर थांबा, हे मी मान्य करतो. पण ‘थांबा’ म्हणजे शोधत राहा. कायमचं सोडून द्या, असं नाही.

थेट_गिअर

नमुन्याचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण वॉरंटीत असलेल्या गाडीबद्दल मी हटणार नाही. तिथे पुस्तिकेबाहेर जाऊन गिअरबॉक्स उघडला आणि पुढे काही झालं, तर भांडत बसावं लागतं ते मालकाला. वॉरंटी संपल्यावर ज्याने त्याने ठरवावं.

सावकाश_चालक

रेडिएटर एकदा गळत होता, त्याचा याच्याशी काही संबंध असू शकतो का?

पाना१३

हे आधी सांगायला हवं होतं, ताई. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचा कूलर रेडिएटरच्या आतच असतो. गळती बाहेरच्या बाजूला असेल तर काळजी नाही. पण आतली भिंत फुटून कूलंट ऑइलात मिसळला असेल तर ऑइल गुलाबी, दुधट दिसतं, आणि पाणी आणि ग्लायकॉल मिळून क्लचप्लेटच्या कागदी अस्तराचा गोंद सोडवतात. तसं असेल तर वर लिहिलेलं थोडं-थोडं बदलणं तुम्हाला लागू नाही. पहिल्या वेळी निघालेलं ऑइल पारदर्शक बाटलीत भरून उजेडात बघा. कितीही गडद असलं तरी आरपार दिसलं पाहिजे. दुधट असेल तर गाडी चालवणं थांबवा आणि आधी रेडिएटर तपासा.