स्वाहिलीतले नमस्कार-चमत्कार कुठून शिकू? बजेट ५०० रुपये

सुलभा_सांगली: लेक-जावई टांझानियात, दार-एस-सलामला आहेत. पुढच्या महिन्यात तीन महिन्यांसाठी जाते आहे. नातवाला सांभाळायला एक मुलगी येते, तिला इंग्रजी येत नाही. मला व्याकरण नको. भेटल्यावर काय म्हणायचं आणि निघताना काय, एवढंच. वय ६१, हातात वीस दिवस. पुस्तक, ॲप की शिकवणी? ५००च्या वर जायचं नाही.

भटक्या७७: किलिमांजारो केला तेव्हा (५,८९५ मीटर, थेट माथ्यापर्यंत बरं का) सगळे पोर्टर 'जाम्बो' म्हणायचे. तेवढ्यावर सात दिवस निघाले. पैसे घालवू नका.

नैरोबीकर: 'जाम्बो' पर्यटकांसाठी हो. आपसात 'हाबारी?' विचारतात, उत्तर 'न्झुरी'. पोरंसोरं 'माम्बो?' – 'पोआ'. मी ऑनलाइन शिक्षक लावला होता, महिना आठ हजार. उच्चार मात्र पक्के झाले.

पक्का_पुणेकर: प्रश्नात बजेट लिहिलं आहे, वाचायची पद्धत आहे. ड्युओलिंगो ॲपवर स्वाहिली फुकट आहे, फक्त इंग्रजीतून. बाय द वे, ७ जुलै हा जागतिक स्वाहिली दिन, युनेस्कोने २०२१ साली ठरवला.

मिठाची_खडी: वर लिहिलंच आहे तसं, जाम्बो.

माजी_दारकर: सुलभाताई, तुमच्या वयाला आधी उत्तर पाठ करा. टांझानियात लहान माणूस मोठ्याला 'शिकामो' म्हणतं, अर्थ आपल्या 'पाया पडतो'च्या जवळचा. त्यावर मोठ्याने 'मराहाबा' म्हणायचंच. पहिल्या आठवड्यात लिफ्टमध्ये शेजारचा शाळकरी मुलगा मला 'शिकामो' म्हणाला. मी नुसती हसले. चौथा मजला आला, दार उघडलं, तरी पठ्ठ्या दप्तराचा पट्टा धरून उभाच! शेवटी त्याची आई म्हणाली, मराहाबा म्हणा, मग तो हलेल.
त्या मुलीला सगळे 'दादा' म्हणतील, दचकू नका. दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई. कुणाच्या दारात गेलात की 'होडी' म्हणायचं, आतून 'कारीबू' आलं की आत. दुकानात आधी हाबारी, मग भाव. संध्याकाळी ती घरी निघाली की 'तुताओनाना केशो', उद्या भेटू.

मिठाची_खडी: दारात होडी! पावसाळ्यात सांगलीकरांना सोपं जाईल.

भटक्या७७: 'क्वाहेरी' राहिलं की. पण ते कायमचा निरोप घेतल्यासारखं वाटतं.

नैरोबीकर: काहीही. 'हेरी' म्हणजे भलं, सुख. रोज म्हणतात. अनेकजण असतील तर 'क्वाहेरीनी'.

डरबनचा_बंड्या: निरोप घ्यावा तो आमच्याकडच्या झुलू भाषेत. निघणाऱ्याला 'हांबा काशले', नीट जा. मागे राहणाऱ्याला 'साला काशले', नीट राहा. मी एकदा पाहुणा म्हणून निघताना यजमानालाच 'हांबा काशले' म्हणालो. तो म्हणाला, मी कुठे जाऊ, घर माझं आहे.

पक्का_पुणेकर: ताई टांझानियाला चालल्यात, डरबनला नाही. आणि आपण 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, त्याची सर कशालाच नाही.

नैरोबीकर: वेळेचंही सांगून ठेवतो. त्यांचे तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा', म्हणजे एक वाजता, हे आपले सकाळचे सात. माझी पहिली मीटिंग यातच बुडाली.

भटक्या७७: आमच्या गाईडने कधी असं सांगितलं नाही.

नैरोबीकर: गाईड तुमच्याशी इंग्रजीत बोलत होता.

माजी_दारकर: धागा भरकटतोय. ताई, हवं तर उच्चार रेकॉर्ड करून पाठवते, फुकट.

सुलभा_सांगली: सगळ्यांचे आभार. काल दुकानात खिशात मावणारं इंग्रजी-स्वाहिली पुस्तक मिळालं, ७५० रुपये, घेऊन टाकलं. फोनवरची अक्षरं मला दिसत नाहीत. 'मराहाबा' फ्रिजवर चिकटवलंय, येताजाता म्हणते. त्या मुलीला 'दादा' म्हणणं मात्र जमायचं नाही. थोरल्या भावाला जन्मभर दादा म्हणत आले आहे. तिला मी बाळच म्हणेन.

भटक्या७७: जाम्बो विसरू नका.